शिकागो : नदी उलटी फिरवणाऱ्या शहराची गोष्ट

१ मे रोजी आपल्याकडे सकाळी शाळेत झेंडावंदन होते आणि मुलांच्या हातात वार्षिक परीक्षेचा निकाल पडतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, म्हणून हा महाराष्ट्र दिन, एवढे मुलांना ठाऊक असते. पण कॅलेंडरच्या त्याच चौकटीत ‘कामगार दिन’ असेही छापलेले असते. हा दिवस कुठून आला, असे एखाद्या मुलाने विचारले तर आपल्यापैकी कितीजणांना उत्तर देता येईल?

तो आला अमेरिकेतील शिकागो शहरातून. कामाचे आठ तास, गगनचुंबी इमारती, डब्यात बंद केलेले मांस, जगातील पहिली अणुभट्टी अशा अनेक गोष्टींशी या शहराचे नाव जोडलेले आहे. आपल्यातील अनेकांचे नातेवाईक आज तिथे राहतात. विमानतळावर उतरून टॅक्सीतून दिसते तेवढेच ते शहर नाही. माणसाची हिंमत कुठवर जाऊ शकते आणि तीच माणसे शेजाऱ्याच्या बाबतीत किती तोकडी पडू शकतात, या दोन्हींचा धडा तिथे मिळतो. म्हणून या महिन्यात वाचकांना शिकागोची ओळख करून देत आहे.

रानटी लसणाचा गाव

शिकागो अमेरिकेच्या मध्यभागी, मिशिगन सरोवराच्या काठी वसले आहे. सरोवर एवढे मोठे की पलीकडचा किनारा दिसत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो समुद्रच वाटतो. इथल्या दलदलीत रानटी कांद्या-लसणासारखी एक उग्र वासाची वनस्पती उगवायची. मूळ रहिवाशांच्या भाषेतील तिच्या नावावरून ‘शिकागो’ हे नाव पडले.

बाहेरून येऊन इथे कायमचे घर करणारा पहिला माणूस होता जाँ बाप्तिस्त प्वाँ द्यू साब्ल. तो कृष्णवर्णीय व्यापारी होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने नदीच्या मुखाशी घर, शेती आणि व्यापार उभा केला. त्याची पत्नी किटिहावा ही पोटावाटोमी या स्थानिक जमातीतील होती. पुढे १८३३ च्या तहाने पोटावाटोमींना आपली जमीन सोडून पश्चिमेकडे जावे लागले आणि १८३७ मध्ये शिकागोला शहराचा दर्जा मिळाला. तेव्हा लोकसंख्या होती जेमतेम चार हजार. १८९० मध्ये ती दहा लाखांच्या पुढे गेली. एवढ्या थोड्या काळात एवढे वाढलेले दुसरे शहर त्या काळी सहसा सापडत नव्हते.

वाढीचे कारण होते दळणवळण. १८४८ या एकाच वर्षी शिकागोला सरोवर आणि मिसिसिपी नदीचे खोरे जोडणारा कालवा मिळाला, पहिली रेल्वे मिळाली आणि धान्याचा मोठा बाजारही सुरू झाला. पश्चिमेचे गहू, मका, लाकूड आणि जनावरे इथे यायची आणि इथून पूर्वेकडे जायची.

पण शहर उभे होते चिखलावर. जमीन सरोवराच्या पातळीपेक्षा थोडीशीच उंच, त्यामुळे सांडपाण्याला उतारच नव्हता. १८५४ च्या कॉलऱ्याने हजाराहून अधिक बळी घेतले. तेव्हा शहराने एक अजब निर्णय घेतला. गटारे जमिनीखाली खोदता येत नाहीत ना, मग ती रस्त्यावर टाकायची, त्यांच्यावर भर घालून रस्ता उंच करायचा आणि मग घरेही तेवढीच वर उचलायची! विटांच्या मोठमोठ्या इमारतींच्या पायाखाली शेकडो जॅक लावले गेले. शिटी वाजली की सगळे मजूर एकाच वेळी आपापला जॅक थोडासा फिरवायचे. एक मोठे हॉटेल तर आत पाहुणे राहत असतानाच उचलले गेले.

आग आणि अफवा

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शहराला आग लागली. उन्हाळा कोरडा गेला होता, घरे लाकडाची, फुटपाथही लाकडाचे, आणि वारा जोराचा. आग विझायला १० तारीख उजाडली. सुमारे ३०० माणसे दगावली, सतरा हजारांहून अधिक इमारती जळाल्या आणि तीन लाख लोकवस्तीपैकी एक लाख लोक बेघर झाले.

राख निवण्याआधीच दोष कुणाचा ते ‘ठरले’ होते. ओ’लिअरी नावाच्या एका गरीब आयरिश बाईच्या गोठ्यात गाईने कंदिलाला लाथ मारली आणि शहर पेटले, असे वर्तमानपत्रात छापून आले. आग त्या गोठ्याच्या परिसरात सुरू झाली हे खरे, पण गाईची गोष्ट आपण रचली होती, असे बातमीदाराने पुढे कबूल केले. तोवर त्या बाईचे आयुष्य नासले होते. आयरिश स्थलांतरितांकडे त्या काळी संशयानेच पाहिले जाई, त्यामुळे गोष्ट सर्वांना पटली. शहराच्या नगरपरिषदेने तिला अधिकृतपणे निर्दोष ठरवले ते १९९७ मध्ये, म्हणजे तब्बल १२६ वर्षांनी.

शहर मात्र लगेच कामाला लागले. जळालेल्या जागेवर नव्या पद्धतीची बांधकामे सुरू झाली. १८८५ मध्ये पूर्ण झालेली दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग ही धातूच्या सांगाड्यावर उभारलेली जगातील पहिली गगनचुंबी इमारत मानली जाते.

आठ तासांची मागणी

ही बांधकामे करणारे, कारखाने आणि कत्तलखाने चालवणारे हात होते गरीब मजुरांचे. जर्मन, आयरिश, पोलिश, बोहेमियन अशा अनेक देशांतून आलेले हे लोक दिवसाला दहा-बारा तास राबत. १ मे १८८६ रोजी अमेरिकेत लाखो कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला. शिकागो हे त्याचे मोठे केंद्र होते. ३ मे रोजी शेतीची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याबाहेर पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळीबार केला. त्याच्या निषेधार्थ ४ मेच्या रात्री हेमार्केट चौकात सभा झाली. सभा संपत आली असता पोलीस आले आणि कुणीतरी बॉम्ब फेकला. बॉम्ब आणि त्यानंतरच्या गोळीबारात सात पोलीस आणि काही नागरिक मरण पावले.

बॉम्ब कुणी फेकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरीही आठ कामगार पुढाऱ्यांवर खटला चालला. चौघांना फाशी झाली, एकाने तुरुंगात जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये राज्याचे गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड यांनी माफी दिली आणि खटला अन्यायाचा होता, असे स्पष्ट लिहिले. त्यांची राजकीय कारकीर्द या सत्य बोलण्यापायी डागाळली. १८८९ मध्ये पॅरिसच्या कामगार परिषदेने १ मे हा दिवस जगभर पाळायचे ठरवले. गंमत अशी की अमेरिका स्वतः कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी पाळते.

सर्वधर्म परिषद आणि मुंबईचा धागा

१८९३ मध्ये शिकागोत कोलंबसच्या प्रवासाला चारशे वर्षे झाल्याबद्दल जागतिक प्रदर्शन भरले. जत्रेतला उंच पाळणा तिथेच पहिल्यांदा फिरला. तो २६४ फूट उंच होता. याच निमित्ताने सप्टेंबरमध्ये सर्वधर्म परिषद झाली. स्वामी विवेकानंदांचे तिथले भाषण आपल्या पाठ्यपुस्तकांतून सर्वांना माहीत आहे. मुंबईचे बी. बी. नागरकर ब्राह्मो समाजातर्फे तिथे बोलले, हे कमी लोकांना ठाऊक असते.

त्याच व्यासपीठावर इस्लामविषयी बोलणारा माणूस गोरा अमेरिकन होता. त्यांचे नाव मोहम्मद अलेक्झांडर रसेल वेब. पेशाने पत्रकार असलेले वेब मनिला येथे अमेरिकेचे वाणिज्य दूत होते. तिथे असताना त्यांचा मुंबईच्या मुस्लिमांशी पत्रव्यवहार सुरू झाला. इस्लाम स्वीकारल्यानंतर १८९२ मध्ये ते भारतात आले, मुंबईतही उतरले. इथल्या मुस्लिमांनी दिलेल्या बळावर ते अमेरिकेत परतले आणि दुसऱ्याच वर्षी शिकागोच्या परिषदेत उभे राहिले. सभेत त्यांना काही वेळा ‘शेम, शेम’ असेही ऐकून घ्यावे लागले. ज्या इमारतीत ही परिषद झाली तिथे आज शिकागोचे प्रसिद्ध कलासंग्रहालय आहे.

नदी फिरली, घाण शेजाऱ्याकडे गेली

शहर पिण्याचे पाणी सरोवरातून घेत असे आणि घाण नदीत सोडत असे. नदी मिळायची सरोवरालाच. म्हणजे आपलीच घाण पुन्हा आपल्याच पेल्यात! यावर उपाय म्हणून इंजिनिअरांनी २८ मैल लांबीचा खोल कालवा खोदला आणि २ जानेवारी १९०० रोजी शिकागो नदीचा प्रवाह उलटा फिरवला. आता नदी सरोवरात न जाता सरोवरातून बाहेर वाहू लागली. शहरातील विषमज्वराचे आणि जुलाबाचे बळी कमी होण्यास याची मोठी मदत झाली.

पण घाण कुठे गेली? ती खाली मिसिसिपीकडे, म्हणजे सेंट लुईस शहराच्या दिशेने गेली. मिझुरी राज्याने दावा लावला. कोर्टाचा मनाई हुकूम येण्याआधीच कालवा घाईघाईने उघडण्यात आला होता. १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिझुरी हरले. नदी फिरवणे हे अचाट काम होते यात शंका नाही. पण आपले अंगण स्वच्छ करून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटण्याची ही सवय शहराला पुढेही नडली.

डोक्यावरून धावणारी रेल्वे

शिकागोत गेलेल्या माणसाला सर्वात आधी ऐकू येतो तो डोक्यावरून धडधडत जाणाऱ्या रेल्वेचा आवाज. लोखंडी खांबांवर उचललेली ही रेल्वे तिथे नुसती ‘एल’ म्हणून ओळखली जाते. पहिली गाडी जून १८९२ मध्ये धावली, तीही वाफेच्या इंजिनावर. १८९७ मध्ये शहराच्या मध्यभागाला वळसा घालणारा मार्ग पूर्ण झाला आणि त्या भागाचे नावच ‘लूप’ पडले. आज या रेल्वेचे आठ मार्ग आहेत आणि त्यांना रंगांची नावे आहेत. रेड लाइन आणि ब्लू लाइन चोवीस तास चालतात. ब्लू लाइन थेट ओ’हेअर विमानतळापर्यंत जाते, ऑरेंज लाइन मिडवे या दुसऱ्या विमानतळापर्यंत. त्यामुळे सामान घेऊन उतरलेला विद्यार्थी टॅक्सी न करताही शहरात पोचू शकतो. उपनगरांसाठी ‘मेट्रा’ ही वेगळी रेल्वे आहे. शिवाय अमेरिकेत रेल्वेने जाणाऱ्या मालापैकी सुमारे पाव हिस्सा कधी ना कधी शिकागो परिसरातून जातो.

या रेल्वेमार्गांवरूनच दुसरे एक मोठे स्थलांतर घडले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय कुटुंबे जुलूम आणि उपासमार टाळण्यासाठी रेल्वेने शिकागोला येऊ लागली. काम मिळाले, पण घर मिळेना. त्यांना शहराच्या दक्षिण भागातील एका अरुंद पट्ट्यातच राहावे लागे. २७ जुलै १९१९ रोजी युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा सरोवरात पोहत होता. पाण्यात रेषा आखलेली नव्हती, तरी गोऱ्यांचे पाणी कुठले आणि काळ्यांचे कुठले हे ‘ठरलेले’ होते. मुलगा तरंगत त्या न दिसणाऱ्या रेषेपलीकडे गेला. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे असे ३८ लोक मारले गेले.

पुढे बँका आणि सरकारी खात्यांनी नकाशावर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या. लाल म्हणजे इथे घरासाठी कर्ज देऊ नये. माणूस कमावता असला तरी पत्ता पाहून अर्ज नाकारला जाई. आपल्याकडेही भाड्याने घर शोधताना नाव ऐकून चेहरा बदलणारे घरमालक अनेकांनी पाहिले आहेत, त्यामुळे ही गोष्ट फार समजावून सांगायला नको.

रेल्वेचेही तसेच झाले. १९६९ मध्ये रेड लाइन दक्षिणेला ९५ व्या रस्त्यापर्यंत पोचली. तिच्याही पलीकडे शहराचा मोठा गरीब भाग आहे. तिथल्या लोकांना आधी बस, मग रेल्वे असे करत कामावर जावे लागते. १३० व्या रस्त्यापर्यंत सुमारे साडेपाच मैल मार्ग वाढवायचा आणि चार नवी स्थानके बांधायची, असे आश्वासन त्यांना अर्धशतकाहून अधिक काळ मिळत आले आहे. तेव्हा ज्यांना पहिले आश्वासन मिळाले, त्यांची नातवंडे आज नोकरीला लागली आहेत.

ढाक्याचा इंजिनिअर

शिकागोच्या आकाशात नजर वर केली की दोन काळ्या इमारती ठळक दिसतात. १०० मजल्यांची जॉन हॅनकॉक सेंटर आणि ११० मजल्यांचा सिअर्स टॉवर, ज्याचे आजचे नाव विलिस टॉवर. दोन्ही इमारतींच्या रचनेमागे ज्या इंजिनिअरचे डोके होते, त्यांचे नाव फजलुर रहमान खान.

त्यांचा जन्म १९२९ मध्ये ढाक्यात झाला. शिक्षण तिथे आणि कोलकात्याजवळच्या शिबपूर अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. १९५२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले आणि तीन वर्षांत दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले.

त्यांचा विचार समजायला सोपा आहे. इमारत जितकी उंच, तितका वारा तिला जास्त हलवतो. पूर्वी त्यासाठी आत खांबांचे जंगल उभे करावे लागे. खर्च एवढा वाढायचा की फार उंच बांधणे परवडत नसे. खान म्हणाले, ताकद आत नको, बाहेरच्या भिंतीत ठेवू. बांबू आतून पोकळ असतो, तरी वादळात मोडत नाही. तशी इमारत बांधायची. सिअर्स टॉवरमध्ये तर त्यांनी अशा नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. एक काडी मोडते, मोळी मोडत नाही, तसेच हे. १९७० च्या दशकात पूर्ण झालेली ४४२ मीटर उंचीची ही इमारत १९९८ पर्यंत जगातील सर्वात उंच होती. आज जगभर ज्या उंच इमारती उभ्या राहतात, त्यांतील अनेकींच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

खान यशात आपल्या माणसांना विसरले नाहीत. १९७१ मध्ये पूर्व बंगालमध्ये कत्तली सुरू झाल्या तेव्हा त्यांनी शिकागोत लोक जमवून मदत उभी केली. आपल्या वाचकांपैकी जे हाजी आहेत, त्यांनी त्यांचे आणखी एक काम डोळ्यांनी पाहिले असेल. जेद्दाह विमानतळावरील पांढऱ्या तंबूंचे हज टर्मिनल. वाळवंटात विजेवरचा गारवा न वापरता हजारो यात्रेकरूंना सावली आणि हवा मिळावी, यासाठी अरब तंबूची जुनी कल्पना त्यात वापरली आहे. १९८२ मध्ये जेद्दाहमध्येच त्यांचे निधन झाले. दफन मात्र शिकागोत झाले आणि सिअर्स टॉवरच्या पायथ्याशी रस्त्याला त्यांचे नाव आहे.

विद्यापीठ आणि वस्तीतली शाळा

शिक्षणात शिकागोचे नाव मोठे आहे. १८९० मध्ये स्थापन झालेल्या शिकागो विद्यापीठाला तेलसम्राट रॉकफेलर यांनी पैसा दिला. या विद्यापीठाने १९३९ मध्ये आपला फुटबॉल संघ बंद केला. विद्यार्थी अभ्यासाला आले आहेत, तमाशाला नाहीत, असा विचार त्यामागे होता. रिकाम्या मैदानाच्या प्रेक्षक-सज्जाखालीच २ डिसेंबर १९४२ रोजी एनरिको फर्मी यांनी मानवी हाताने घडवलेली पहिली नियंत्रित अणुसाखळी चालवून दाखवली. लाहोरमध्ये जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर १९३७ पासून अखेरपर्यंत याच विद्यापीठात होते. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. इस्लामी विचारांचे अभ्यासक डॉ. फजलुर रहमान (इंजिनिअर खान यांच्याच नावाचे, पण वेगळे) यांनी १९६९ ते १९८८ इथे शिकवले. त्यांच्या मतांविषयी मतभेद आहेत, पण देशोदेशीचे मुस्लिम विद्यार्थी त्यांच्याकडे शिकायला येत.

विद्यापीठापेक्षाही मला जेन ॲडम्स यांचे काम जवळचे वाटते. सुखवस्तू घरातील या स्त्रीने १८८९ मध्ये मजुरांच्या गलिच्छ वस्तीत ‘हल हाऊस’ नावाचे घर घेतले आणि तिथेच राहू लागली. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघर आणि बालवाडी, मोठ्यांसाठी रात्रीचे इंग्रजी वर्ग, मुलांसाठी खेळाचे मैदान असे एकेक काम वाढत गेले. १९३१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले.

सरकारी शाळांची कथा मात्र रेल्वेसारखीच आहे. १९६० च्या सुमारास कृष्णवर्णीय वस्तीतील शाळा एवढ्या भरल्या होत्या की काही ठिकाणी पाळ्यांत वर्ग चालत. जवळच गोऱ्या वस्तीतील शाळांत बाके रिकामी होती. तिथे ही मुले पाठवण्याऐवजी प्रशासनाने शाळेच्या अंगणात पत्र्याच्या फिरत्या खोल्या ठेवल्या. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी दोन लाखांहून अधिक मुले शाळेत गेली नाहीत. आईबापांनीच त्यांना घरी ठेवले होते.

पन्नास वर्षांनी प्रश्न उलटा झाला. वस्त्या ओस पडू लागल्या, पट कमी झाला आणि २०१३ मध्ये शहराने एका फटक्यात सुमारे ५० शाळा बंद केल्या. त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीय वस्तीतल्या होत्या. डायेट नावाचे हायस्कूलही बंद होणार होते. २०१५ मध्ये बारा जणांनी, त्यांत पालक आणि आज्याही होत्या, ३४ दिवस उपोषण केले. पुढच्या वर्षी शाळा पुन्हा उघडली.

खेळ : हार पचवणारे शहर

बेसबॉल हा शिकागोचा जीव आहे. शहराचे दोन संघ आहेत. उत्तरेचा कब्स आणि दक्षिणेचा व्हाइट सॉक्स. तुम्ही शहराच्या कुठल्या भागातले, हे तुमच्या टोपीवरून कळते. कब्सने १९०८ मध्ये अजिंक्यपद जिंकले आणि त्यानंतरचे जिंकले ते थेट २०१६ मध्ये. १०८ वर्षे! मधल्या काळात आजोबा गेले, वडील गेले, पण रिग्ली फील्ड मैदान भरत राहिले. १९४५ मध्ये एका हॉटेलवाल्याला बकऱ्यासह मैदानाबाहेर काढले म्हणून संघाला शाप लागला, अशी गमतीची समजूत होती. व्हाइट सॉक्सच्या नावावर वेगळा डाग आहे. १९१९ ची अंतिम मालिका पैसे घेऊन हरल्याच्या आरोपावरून त्यांच्या आठ खेळाडूंवर कायमची बंदी आली.

कृष्णवर्णीयांना तेव्हा मोठ्या संघांत खेळूच देत नसत. म्हणून शिकागोच्या रूब फॉस्टर यांनी १९२० मध्ये त्यांची स्वतंत्र लीग उभी केली. पुढे १९९० च्या दशकात बास्केटबॉलमध्ये मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सने सहा अजिंक्यपदे जिंकली, तेव्हा त्याचे चित्र जगभर मुलांच्या खोलीत लागले.

मुहम्मद अली यांचेही या शहराशी जवळचे नाते. तरुण वयात १९५९ आणि १९६० मध्ये त्यांनी शिकागोतील गोल्डन ग्लव्हज स्पर्धा गाजवली आणि नंतर बरीच वर्षे ते इथे राहिले. पण शिकागोच्या खेळातील सर्वात सुंदर दिवस कोणता, असे विचाराल तर मी २० जुलै १९६८ हा सांगेन. त्या दिवशी सोल्जर फील्ड मैदानावर बौद्धिक अपंगत्व असलेल्या सुमारे हजार मुला-माणसांसाठी पहिले स्पेशल ऑलिंपिक झाले. प्रेक्षक अगदी थोडे होते. ज्या मुलांना घरात लपवून ठेवले जाई, ती त्या दिवशी मैदानात धावली. आज ही चळवळ जगभर पसरली आहे.

एकाच वस्तीची गोष्ट

आता या सगळ्या गोष्टी एका वस्तीत एकत्र येतात ते पाहा. शिकागोच्या पश्चिमेला नॉर्थ लॉनडेल नावाची वस्ती आहे. १९६६ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग घरांच्या हक्कासाठी लढायला शिकागोत आले, तेव्हा त्यांनी मुद्दाम इथल्या एका मोडक्या इमारतीत खोली घेतली. त्याच वर्षी ५ ऑगस्टला मार्केट पार्क भागातून मोर्चा नेताना त्यांच्या डोक्यात दगड बसला. याच नॉर्थ लॉनडेलमध्ये सिअर्स कंपनीचे मुख्य कार्यालय होते. १९७० च्या दशकात ते खान यांच्या नव्या टॉवरमध्ये गेले. वस्तीतील इतर कारखानेही बंद पडले. दुकाने गेली, लोक गेले, रिकामे प्लॉट आणि म्हातारी माणसे राहिली.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत भयंकर उष्णतेची लाट आली. पारा ४१ अंशांवर गेला. पाच दिवसांत सातशेहून अधिक माणसे मेली. शवागारात जागा उरली नाही म्हणून बाहेर थंडाव्याचे ट्रक उभे करावे लागले. मेलेल्यांत मोठा वाटा एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा होता. दारे-खिडक्या बंद करून ते आत बसले होते, कारण बाहेर पडायची भीती वाटत होती. काहींचे मृतदेह घ्यायलाही कुणी आले नाही.

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी पुढे याचा अभ्यास केला. नॉर्थ लॉनडेलला लागूनच साउथ लॉनडेल ही मेक्सिकन कुटुंबांची वस्ती आहे. गरिबी तिथेही होती, एकटे वृद्धही होते, ऊन तर तेच होते. पण मृत्यूंचे प्रमाण नॉर्थ लॉनडेलमध्ये सुमारे दहापट होते. फरक कशाचा? साउथ लॉनडेलचे रस्ते जागते होते. दुकाने उघडी, फुटपाथवर माणसे, चर्चमध्ये ये-जा. म्हातारा माणूस निर्धास्तपणे बाहेर पडून दुकानाच्या गारव्यात बसू शकत होता आणि दोन दिवस दिसला नाही तर कुणीतरी दार वाजवत होते.

शहराने यातून धडा घेतला. १९९९ मध्ये पुन्हा लाट आली तेव्हा एकट्या वृद्धांना फोन केले गेले, माणसे दारोदार गेली आणि मृत्यू बरेच कमी झाले. तरी दरी मिटलेली नाही. २०१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवले की हॅनकॉक सेंटरच्या परिसरातील स्ट्रीटरव्हिल भागात सरासरी आयुर्मान ९० वर्षे आहे, तर दक्षिणेच्या इंगलवूडमध्ये ६०. अंतर आठ-दहा मैलांचे, आयुष्याचा फरक तीस वर्षांचा.

याच दक्षिण भागात ‘इमान’ या नावाने ओळखली जाणारी मुस्लिमांची एक संस्था १९९७ पासून काम करते. दवाखाना, तुरुंगातून सुटलेल्या तरुणांना हुन्नर शिकवणे, पडक्या घरांची दुरुस्ती अशी तिची कामे आहेत. फायदा कुणाला, तर जो दारात येईल त्याला. डॉ. किंग यांना जिथे दगड लागला, त्या मार्केट पार्कमध्ये बरोबर पन्नास वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, त्यांचे स्मारक उभे राहिले. त्यासाठी पुढाकार घेतला तो ‘इमान’ने.

इमारत उचलता येते, नदी फिरवता येते, ढगांपर्यंत पोचता येते. शिकागोने हे सर्व करून दाखवले. नॉर्थ लॉनडेलच्या म्हाताऱ्यांना मात्र यातले काही उपयोगी पडले नाही. त्यांना दार वाजवणारा एक शेजारी हवा होता.

आपल्याकडे १ मेला ऊन ऐन भरात असते. विदर्भ-मराठवाड्यात तर दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. तेव्हा या वर्षी मुले निकाल घेऊन घरी आली की त्यांना शिकागोची गोष्ट जरूर सांगा. आणि मग एक तांब्या थंड पाणी देऊन त्यांना मोहल्ल्यातल्या एकट्या राहणाऱ्या दादीकडे, खालाकडे, शेजारच्या आजींकडे पाठवा. दार कुणाचे आहे हे न पाहता ते वाजवायला त्यांना सांगा.